मुकुटबनचा खलबत्ता यवतमाळला जेवायला जातो

मित्रांनो, मी एक जुना लोखंडी खलबत्ता आहे. हे वाचून तुमच्यापैकी काही जणांनी लगेच पान उलटलं असणार, असा मला संशय आहे. संशय हा काही माझा जन्मजात गुण नाही. तो मला घरातून लागला. घर म्हणजे मुकुटबनच्या मारोतरावांचं.

माझा जन्म एका भट्टीत झाला. भट्टी कुठली ते आठवत नाही, कारण जन्माच्या वेळी मी पातळ होतो. पुढे घट्ट झालो आणि वणीच्या जत्रेत एका दुकानात येऊन बसलो. एक दिवस तरुण मारोतराव नव्या नवरीला घेऊन तिथे आले. दुकानदार म्हणाला, "भाऊ, तीन पिढ्या चालते हा." हेच तो शेजारच्या कंगव्याबद्दलही सांगत होता. मारोतरावांनी मला उचललं, वाजवलं, माझ्या तळाला बोट लावून ते हुंगलं आणि विचारलं, "याच्यात आधी कोणी काई कुटलं त नाई ना?"

जत्रेतल्या कोऱ्या खलबत्त्याच्या चारित्र्याची चौकशी करणारा असा माणूस दुकानदाराने पहिल्यांदाच पाहिला. तो इतका घाबरला की त्याने शपथ घेतली. मी तेव्हाच ओळखलं, की आपल्याला साधं घर मिळालेलं नाही.

मित्रांनो, माझे दोन भाग आहेत. एक मी, म्हणजे खल. दुसरा बत्ता. तो मला मारतो. लोक याला जोडी म्हणतात.

मारोतरावांच्या घरात सगळ्यांना खाण्याची अतोनात आवड आहे, आणि बाहेरच्या खाण्यावर कोणाचाच विश्वास नाही. पुडीतला मसाला त्यांच्या घरात येत नाही, कारण तो कोणी कुटला ते पुडीवर लिहिलेलं नसतं. बाजारातली भजी ते उघडून बघतात. बघून झाल्यावर खातातही, पण आधी उघडतात. त्यामुळे घरातलं सगळं तिखट, सगळा मसाला, रोजचा लसणाचा ठेचा माझ्यात कुटला जाई, आणि तो कुटायच्या त्यांची पत्नी इंदूबाई.

मुलगा अतुल याच्या लग्नात सून मोनालीसोबत मिक्सर आला. मला वाटलं, आपलं संपलं. पण मारोतरावांनी त्याचा आवाज ऐकला आणि निकाल दिला, "मिक्सर कापते. खलबत्ता कुटते. कापल्यानं लसणाले राग येत नाई. मंग चव कोठून येईन?" मिक्सर आजही त्याच्या खोक्यात आहे. कधी कधी आम्ही एकमेकांकडे बघतो. बोलत नाही.

कामाची वर्षं अशी गेली. पाहुणे यायचे, भरीत-भाकर खायचे, डोळ्यांत पाणी आणून म्हणायचे, "वा, खलबत्त्याची चवच येगळी!" स्तुती माझी होत असे. खांदा इंदूबाईंचा दुखत असे. ही वाटणी कोणी करून दिली, मला माहीत नाही.

त्या घरात जेवणाची एक पद्धत होती. पंगत एकत्र बसायची आणि एकत्र उठायची. मोठा माणूस उठला की सगळ्यांनी उठायचं, मग हातातला घास तोंडात असो नाहीतर वाटेत. इंदूबाई पंगतीत नसायच्याच. त्या चुलीपाशी भाकरी टाकत असायच्या, आणि सगळे उठले की उरलेली भाकर घेऊन बसायच्या. मोनाली सासूला म्हणायची, "आत्याबाई, तुमी बसा, मी टाकतो." पण मारोतरावांना मोनालीच्या भाकरीच्या कडा जाड वाटायच्या. मग पुन्हा इंदूबाईच.

गेल्या दिवाळीच्या थोडं आधी त्यांचा खांदा इतका धरला की बत्ता वर उचलेना. वणीच्या डॉक्टरांनी सांगितलं, हाताला आराम द्या. मारोतरावांनी विचारलं, "कोणत्या हाताले?" डॉक्टरांनी तेही चिठ्ठीवर लिहून दिलं.

त्या दिवशी रात्रीच्या जेवणाला नात सलोनी मध्येच थांबली. सलोनी चौथीत आहे आणि घराण्याचा संशय तिच्यात पूर्ण उतरला आहे.

"आजी, आमच्या भाकरी तू गरम गरम टाकतं. मंग तुयी भाकर कोण टाकते?"

अतुल पाणी प्यायला. पाणी संपल्यावरही तो पीतच राहिला.

इंदूबाई म्हणाल्या, "मले काय माईत बाप्पा गरम भाकर कशी लागते. तुमचे तोंडं पाहून वाटते, चांगली लागत असन."

मारोतराव वाईट माणूस नाहीत, मित्रांनो. त्यांना फक्त प्रत्येक गोष्टीची खात्री लागते. ते म्हणाले, "सुट्टीत फिरायले जाऊ. शहरात. हाटेलातच जेवू. तुले कुटणं नाई, रांधणं नाई."

"खरंच?" इंदूबाईंनी विचारलं. त्याही त्याच घरात राहतात. "तीन दिवस मी कशालेच हात लावणार नाई, सांगून ठेवतो. आन् बसल्या जागी कोणी तव्यावरची गरम भाकर माह्या ताटात टाकली पायजे. एकच. दोन नाई मांगत."

"एवढंच ना," मारोतराव म्हणाले. "चांगलं हाटेल भेटलं मंजे झालं."

इथेच घोटाळा होता.

सुट्टीत लोक गोव्याला जातात. आमच्या घरात गोव्याबद्दल संशय आहे, तिथे एका बाजूला नुसतंच पाणी आहे म्हणून. शेवटी सगळ्यांनी यवतमाळ ठरवलं. सोयाबीन निघालं होतं, कापसाची पहिली वेचणी झाली होती, आणि यवतमाळला लॉज होते, बाजार होता, भरपूर हॉटेलं होती.

निघायच्या दिवशी पहाटे मारोतरावांनी मला गुपचूप उचललं, आपल्या दुपट्ट्यात गुंडाळलं आणि बत्त्यासकट एका काळ्या बॅगेत घातलं. शेजारी लसणाचे दोन गड्डे आणि मिठाची पुडी ठेवली. मला एकच अर्थ लागला. हे मला भंगारात विकणार. लसूण कशाला, हे कळत नव्हतं. कदाचित माझ्यासोबत निरोपाचं काहीतरी असावं.

एसटीत कंडक्टरने बॅग पायाने सरकवून बघितली. ती सरकली नाही.

"याच्यात काय हाय काका?"

"कपडे," मारोतराव म्हणाले.

"कपडे टणकन कायले वाजले?"

"कडक इस्तरीचे हायेत."

कंडक्टरने मारोतरावांकडे बघितलं, मग बॅगेकडे, आणि पुढे गेला. पुढच्या सीटवर इंदूबाई बसल्या होत्या. त्यांनी मान वळवली नाही, पण त्यांचे कान माझ्याच दिशेला होते, असा मला संशय आला. बॅगेची चेन तुटलेली होती आणि दुपट्टा सरकला होता, त्यामुळे मला बाहेरचं सगळं दिसत होतं. वणी आली, गेली. कोळशाचे ट्रक आले, गेले. भंगाराचं दुकान दिसलं की मी बत्त्याला घट्ट धरत होतो. एसटी एकाही दुकानापाशी थांबली नाही.

यवतमाळला लॉजवर सामान टाकून सगळे लगेच हॉटेल शोधायला बसले. अतुलने मोबाइल काढला.

"बाबा, हे पाहा. याले चार पॉइंट तीन भेटले, पाचपैकी."

"मंग बाकीचे कोठी गेले?" मारोतरावांनी विचारलं. "कोणं काढून घेतले? काऊन काढून घेतले?"

"असंच असते. कोणालेच पाच नसते."

"एकानं त लिहिलं हाय, 'मस्त'," मोनाली वाकून म्हणाली.

"कोण हाय तो? त्याले फोन लाव."

"फोन नाई लागत बाबा, तो असाच लिहिणारा हाय."

सलोनीने त्या माणसाचा फोटो बोटांनी मोठा केला. फोटोत माणूस नव्हता, मोटारसायकल होती. "आबाजी," ती गंभीरपणे म्हणाली, "मोटारसायकलनं लिहिलं हाय." झालं. त्या हॉटेलाचं नाव यादीतून कायमचं गेलं.

इंदूबाई खाटेवर हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या. रिकामे हात कुठे ठेवायचे ते त्यांना नीट माहीत नव्हतं. त्या एवढंच म्हणाल्या, "कोठीबी चाला. पण बसू द्या."

पहिलं हॉटेल एसीचं होतं. आत संध्याकाळी पाहुणे आल्यावर वीज जावी तसा अंधार होता. बॅगेसकट मी मारोतरावांच्या पायाशी होतो. टेबलावर कापडी रुमाल फुलासारखे दुमडून ठेवले होते. मोनालीने एक फूल उलगडून बघितलं. "रुमालाचं फूल करायले यांच्यापाशी मानूस हाय," ती अतुलच्या कानात म्हणाली, "मंग सैपाकाले कोण उरलं?"

शाम नावाचा वेटर आला. मारोतरावांनी त्याला जवळ बोलावलं. "अंधार कायले केला भाऊ? काय लपवून राह्यले?"

"काका, ते अ‍ॅम्बियन्स असते."

"ते नको आमाले. वरण आण, भाजी आण, आन् भाकर. भाकर तव्यावरून सरळ इथं."

शाम गेला. इंदूबाईंनी पदर सावरला आणि ताटाच्या मागे ताठ बसल्या. कोणी वाढायला येणार आहे म्हणून तयार बसलेलं त्यांना मी कधी पाहिलं नव्हतं. वरण आलं. मारोतरावांनी मोबाइलचा दिवा लावला आणि वरणावर धरला, विहिरीत बादली पडल्यावर धरतात तसा. वरणात काहीतरी हिरवं तरंगत होतं. ती कोथिंबीर होती. पण एवढ्या अंधारात कोथिंबीर असल्याचं कोण सिद्ध करणार?

"चाला," मारोतराव उठले.

अतुल उठला. मोनाली उठली. सलोनी उठली. इंदूबाईही उठल्या. मोठा माणूस उठला की पंगत उठते. शाम भाकरी घेऊन आतल्या दारातून येतच होता. इंदूबाईंच्या नाकाशेजारून ती वाफाळती भाकर गेली, आणि आम्ही बाहेर पडलो. रात्री लॉजवर सगळ्यांनी केळी खाल्ली. केळी सोलून बघता येतात, म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी रस्त्यावरून भंगारवाला ओरडत गेला. मी खाटेखाली श्वास रोखला. मारोतराव खिडकीशी गेले, त्याला बघितलं आणि परत आले. म्हणजे भाव ठरत नसावा.

दुपारचं हॉटेल मोठं होतं. तिथलं मेनूकार्ड सलोनीच्या इतिहासाच्या पुस्तकापेक्षा जाड निघालं. त्यात पंजाबी होतं, चायनीज होतं, डोसा होता, पिझ्झा होता. मारोतराव शेवटच्या पानापर्यंत गेले. "हे सारं एकाच मानसाले येते?" त्यांनी मालकाला विचारलं. "मंग तो घरी कवा जाते?" मालक हसला. मारोतराव हसले नाहीत. त्यांनी तीन वेगवेगळ्या भाज्या मागवल्या, डोळे मिटले आणि सलोनीला म्हणाले, "घाल एकेक चमचा." त्यांनी चाखलं, दुसरा, तिसरा. मग डोळे न उघडताच म्हणाले, "ही एकच हाय. तीन येळा कपडे बदलून आली." खरं सांगायचं तर ते बरोबर होते, आणि त्यामुळेच गोष्ट अवघड झाली. भाकर आली होती, पण ती डब्यात सकाळपासून वाट बघत बसलेली होती. इंदूबाईंनी तिला बोट लावलं आणि काढून घेतलं. "थंडी हाय," त्या म्हणाल्या. तेवढ्यात मारोतराव उठले आणि पंगत उठली.

तिसऱ्या ठिकाणी बाहेर पाटी होती, 'घरगुती जेवण'. मारोतराव दारातच थांबले. "कोणाच्या घरचं?" त्यांनी विचारलं. गल्ल्यावरचा माणूस गोंधळला. "ते घर कोठी हाय? आमाले एकडाव दाखवा." घर आठ कोसांवर निघालं. तिथे बसायचंच राहिलं.

त्या संध्याकाळी लॉजच्या खोलीत अतुल म्हणाला, "बाबा, उद्या शेवटचा दिवस हाय. आईनं अजून..."

"मी काय मुद्दाम करून राह्यलो काय? चांगलं खाऊ घालाव म्हून त पाहून राह्यलो."

"मले चांगलं नाई पायजे," इंदूबाई भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या. "मले गरम पायजे."

मी खाटेखाली होतो. तिथूनही मला मारोतरावांचे पाय दिसत होते. ते एकदा दाराकडे गेले, एकदा खिडकीकडे, आणि मग माझ्या बॅगेजवळ येऊन थांबले. मला वाटलं, आली वेळ. पण त्यांनी फक्त बॅग आणखी आत सरकवली.

तिसऱ्या दिवशी सकाळपासून सलोनी विचार करत होती. शेवटी म्हणाली, "आबाजी, तो परवाचा वेटरवाला काका. तो कोठी जेवते?"

"कोठी मंजे? त्याच्याच हाटेलात."

"नाई. त्याले त्याच्या हाटेलातलं सारं माईत हाय. जो मानूस हाटेलातलं सारं पाह्यते, तो जेवायले कोठी जाते, ते पाहू."

मारोतरावांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. घराण्याचा वारसा पुढच्या पिढीत सुरक्षित पोचल्याचं समाधान त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

दुपारी आम्ही सगळे एसी हॉटेलासमोर चहाच्या टपरीमागे उभे राहिलो. कुटुंब पाचजणांचं, आणि मी. मारोतरावांनी मला खांद्यावर घेतलं होतं, कारण बॅग लॉजवर ठेवण्याइतका त्यांचा लॉजवाल्यावर विश्वास नव्हता. गिऱ्हाइकं संपली, शाम मागच्या दारातून बाहेर आला आणि चालू लागला. आम्ही त्याच्या मागे निघालो. तो पुढे, मग रस्ता, मग आम्ही. मारोतरावांच्या प्रत्येक पावलाला बत्ता मला आपटत होता. टण. टण. टण.

शामने मागे बघितलं. आम्ही सगळे एकदम एका चपलांच्या दुकानातल्या चपला बघू लागलो. तो पुढे गेला. टण, टण. त्याने पुन्हा बघितलं, आणि तो जरा पळायलाच लागला. मोनालीने पदर खोचला. इंदूबाईंनीही खोचला. आर्णी रोडच्या बाजूला एका गल्लीच्या तोंडाशी तो दम खाऊन थांबला आणि वळून ओरडला, "काका, ते वरण म्या नाई बनवलं! म्या फक्त आणलं!"

"वरणाचं राहू दे बाबू," मारोतराव धापा टाकत म्हणाले. "तू जेवते कोठी, तेवढं सांग."

शामच्या आयुष्यात गिऱ्हाइकाने हा प्रश्न कधी विचारला नव्हता. मग त्याने गल्लीच्या आत बोट केलं.

आत एक पत्र्याचा मांडव होता. पाटी नव्हती. चार लाकडी बाकं, आणि कोपऱ्यात चुलीवर मोठा काळा तवा. भाकरी करणारी बाई पन्नाशीची होती, हातात पांढऱ्या बांगड्या कोपरापर्यंत. तिचं नाव जमनी. तिचा नवरा हिरासिंग ताटं वाढत होता.

"मेनूकार्ड?" मारोतरावांनी विचारलं.

"जे हाय ते हाय," जमनीबाई म्हणाल्या.

"काय हाय?"

"पाहून राह्यले ना. भाकर, भरीत, वरण, ठेचा. तुमी कोण? बॅगेत काय हाय?"

मारोतराव आयुष्यात पहिल्यांदा संशयाच्या दुसऱ्या बाजूला उभे होते. "कपडे," ते म्हणाले.

"वाजून राह्यले."

तेवढ्यात जमनीबाईंची नजर इंदूबाईंवर गेली. त्या बाकाच्या टोकाला अर्ध्या बसल्या होत्या, कधीही उठावं लागेल अशा. जमनीबाई आपल्या बंजारा बोलीत म्हणाल्या, "बेस, याडी. नीट बेस." बस, आई. आणि इंदूबाई आत सरकून नीट बसल्या.

हिरासिंगने ताटं मांडली. भरीत आलं. मारोतरावांनी बोटाच्या टोकावर घेऊन चाखलं आणि त्यांची भुवई हलली. ते चांगलं होतं. त्यांनी थेंब मोजल्यासारखं वरण चाखलं. तेही चांगलं होतं. आता त्यांना काहीतरी शोधणं भागच होतं. त्यांनी ठेचा चाखला.

"हा," ते म्हणाले, "मिक्सरचा हाय."

"हो, मिक्सरचाच," जमनीबाई तव्याकडे बघतच म्हणाल्या. "दीडशे मानसं जेवतात. हातानं कुटत बसलो त माहे हात गळून पडतीन."

मारोतरावांनी ताट सरकवलं आणि ते उठले. "चाला."

अतुल उठला. मोनाली उठली. सलोनी अर्धी उठली. आणि नेमक्या त्याच वेळी जमनीबाईंनी तव्यावरून टम्म फुगलेली भाकर हातानेच उचलली, दोन पावलं टाकली आणि इंदूबाईंच्या ताटात टाकली. भाकरीच्या पोटातून वाफ बाहेर आली. इंदूबाईंनी तिच्यावर हात ठेवला. हात भाजला, तरी काढला नाही.

पंगत उभी होती. इंदूबाई उठल्या नाहीत.

"अवं, चाल," मारोतराव म्हणाले.

"मी जेवून राह्यली."

मित्रांनो, इतक्या वर्षांत त्या घराची पंगत अर्धी उभी आणि अर्धी बसलेली मी कधी पाहिली नव्हती. अतुल बापाकडे बघावं की आईकडे ते ठरवता न आल्यामुळे छताकडे बघत होता. सलोनी गुपचूप पुन्हा खाली बसली. मोनालीही बसली, आणि बसताना अतुलचा शर्ट धरून त्यालाही खाली ओढलं. उभे राहिले फक्त मारोतराव.

मग त्यांनी बॅग बाकावर ठेवली, दुपट्टा सोडला आणि मला बाहेर काढलं. बत्ता माझ्यात टाकला. लसूण काढला.

शेजारच्या बाकावरची माणसं जेवायची थांबली. हिरासिंग वाटी हातात घेऊन उभाच राहिला. "बाप्पा," जमनीबाई म्हणाल्या, "लोक हाटेलात पाण्याची बाटली आणतात."

"बरं, बस तू," मारोतराव इंदूबाईंना म्हणाले, आणि मला त्यांच्याकडे सरकवलं. "जेव. पण जराशा चार पाकळ्या ठेचून दे. तुया हातचा असला मंजे मी बी जेवतो."

तेव्हा मला कळलं, मी भंगारात चाललो नव्हतो. मी यवतमाळला कामावर आलो होतो. आणि माझ्यामागून इंदूबाईही.

इंदूबाईंनी माझ्याकडे बघितलं. मला लपवलं होतं त्याचं त्यांना अजिबात आश्चर्य वाटलं नाही. "एसटीतच समजलं होतं मले," त्या म्हणाल्या. "कडक इस्तरीचे कपडे म्हणे." मग त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, भरतात बुडवला आणि तोंडात घातला. डोळे मिटले. सगळा मांडव बघत होता, त्याची त्यांना काही पडली नव्हती. घास गिळून त्या मला परत सरकवत म्हणाल्या, "खल तुमच्याच हातात हाय. कुटा."

मारोतराव मला घेऊन बाकावर बसले. आयुष्यभर माझी स्तुती केलेल्या माणसाने मला पहिल्यांदा कुटायला धरलं. पहिल्या ठोक्याला लसणाची पाकळी उडून हिरासिंगच्या वाटीत पडली. दुसऱ्या ठोक्याला बत्ता माझ्या काठावर बसला आणि मारोतरावांचं बोट मध्ये आलं. त्यांनी जमनीबाईंकडून मिरच्या मागितल्या, मीठ घालायचं विसरले, मग ज्या हाताने मिरच्या मोडल्या त्याच हाताने कपाळ पुसलं. पुढचा बराच वेळ ते डोळा मिटून कुटत होते. खांदा धरला तेव्हा हात बदलला. डाव्या हाताने तर पाकळ्यांना नुसता धाकच बसत होता.

त्यांच्या ताटात हिरासिंगने भाकर टाकली होती. ती फुगली होती, मग बसली, मग तिच्यावरची वाफ गेली. जमनीबाईंनी इंदूबाईंच्या ताटात न विचारता दुसरी टाकली. इंदूबाईंनी एकच मागितली होती, पण त्या नको म्हणाल्या नाहीत.

ठेचा कसाबसा झाला. मारोतरावांनी तो आपल्या ताटात घेतला, भाकरीचा तुकडा मोडला. तो मोडताना कडकन वाजला. ते चावत राहिले. बराच वेळ चावत राहिले. मग हळू आवाजात, पंगतीत कोणाला ऐकू जाऊ नये अशा बेताने त्यांनी इंदूबाईंना विचारलं,

"थंडी भाकर अशी लागते काय?"

"हो," इंदूबाई म्हणाल्या. "अशीच लागते."

मारोतरावांनी ती भाकर पूर्ण खाल्ली. इंदूबाईंचं जेवण व्हायला बराच वेळ लागला, कारण त्या सावकाश जेवत होत्या, आणि तोवर कोणीही उठलं नाही.

मित्रांनो, मी आता परत मुकुटबनला चुलीशेजारी आहे. रोजचा ठेचा मारोतराव कुटतात. तो अजूनही वाईट होतो. पाहुणे मान हलवून म्हणतात, "खलबत्त्याची ती चव नाई राह्यली." मी बदललेलो नाही, पण मला बोलायची सोय नाही. मसाल्याच्या दिवशी मिक्सरला खोक्यातून काढतात, आणि मारोतराव त्याच्या शेजारी पहाऱ्यावर बसतात. अतुल भाकरी टाकायला शिकतो आहे. त्याची भाकर आमच्या झरी जामणी तालुक्याच्या नकाशासारखी निघते, पण गरम असते, आणि पहिली इंदूबाईंच्या ताटात जाते. त्या पंगतीतच बसतात. सगळ्यात शेवटी उठतात, मुद्दाम.

आत्मवृत्ताच्या शेवटी आम्ही जुन्या वस्तूंनी 'आम्हाला जपा' असं सांगायचं असतं. मला जपू नका. मी लोखंड आहे, माझ्यावरून कोळशाचा ट्रक गेला तर ट्रकची विचारपूस करा. तुम्ही फक्त आज रात्री तुमच्या घरात सगळ्यांच्या मागून कोण जेवतं, ते जरा संशयाने बघा. सापडली की तिला बसवा. ती "असू दे, तुमचं होऊ द्या आधी" असं म्हणेल, त्यावर अजिबात विश्वास ठेवू नका. आणि तव्यापासून तिच्या ताटापर्यंत येताना जरा पळतच या.